चाई : दोष रक्तपुरवठ्याचा नव्हे!

केशकर्तनालयात खुर्चीत बसल्यावर एखाद्या दिवशी कारागीरच लक्षात आणून देतो की डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला आहे. खाज नाही, वेदना नाही. यालाच आपल्याकडे ‘चाई पडणे’ म्हणतात. आयुर्वेदात ‘इंद्रलुप्त’, तर आधुनिक वैद्यकात ‘अ‍ॅलोपेशिया एरियाटा’ असे त्याचे नाव आहे.

डोक्याला रक्तपुरवठा कमी पडल्याने केस गेले, असा समज सर्रास आढळतो. मग तेलाचे मालिश, कांद्याचा रस, ठेचलेला लसूण असे उपाय सुरू होतात. वास्तविक डोक्याच्या त्वचेला भरपूर रक्तपुरवठा असतो. लहानशी खोक पडली तरी भळाभळा रक्त वाहते, ते त्यामुळेच. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबावरील औषध पुढे केसांसाठी वापरले जाऊ लागले, त्यामुळेही या समजाला बळ मिळाले.

चाईचे मूळ रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांभोवती गोळा होऊन त्यांच्यावरच हल्ला करतात. केस गळतात, पण मुळे नष्ट होत नाहीत. म्हणूनच चट्टे मोजके असल्यास अनेकांचे केस वर्षभरात आपोआप, कधी आधी पांढरे होऊन, परत येतात. श्रेय मात्र तेलाला मिळते! कच्च्या लसणाने त्वचा भाजण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

चाई संसर्गजन्य नाही. त्यामुळे मुलाला शाळेत वेगळे बसवणे किंवा त्याचा कंगवा बाजूला ठेवणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो. मात्र चट्ट्यावर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज आणि तुटलेले केस दिसल्यास ती बुरशीमुळे होणारी दाद असू शकते. ती पसरते व तिच्यासाठी काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. दोहोंतील फरक त्वचारोगतज्ज्ञच ओळखू शकतो.

मोजक्या चट्ट्यांमध्ये स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात. तीव्र आजारासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब व २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब या गोळ्यांना मान्यता मिळाली. त्या प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याला आवर घालतात, पण संसर्गाचा धोका वाढवतात. त्यामुळे त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. काही रुग्णांत थायरॉइडचा विकारही आढळतो. चट्टे वाढत असतील, भुवया विरळ होत असतील, तर मालिश करण्यात महिने न घालवता वेळीच डॉक्टरांना दाखवणे हिताचे.