मैफल आणि श्रोत्यांचा सहभाग

हिंदुस्थानी संगीताच्या बैठकीत श्रोता केवळ ऐकणारा नसतो. सोळा मात्रांच्या त्रितालात पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, तर नवव्या मात्रेवर खाली असते. हाताने हा ताल धरणारा श्रोता गायकाबरोबरच समेवर येतो आणि नेमक्या क्षणी दाद देतो. ती दाद गायकाला पुढची वाट सुचविते. फर्माईश हेही या सहभागाचेच रूप होय.

कोल्हापुरात मंगळवार पेठ-खासबाग परिसरातील गायन समाज देवल क्लब ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून असा जाणकार श्रोतृवर्ग घडवीत आली. शाहू महाराजांनी राजाश्रय दिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांची जयपूर-अत्रौली गायकी लयीच्या दृष्टीने गुंतागुंतीची. लय धरल्याविना तिचा आस्वाद अपुरा राहतो. जवळच्याच कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी तर रामधुनीद्वारे सबंध सभेलाच गायला लावले.

सभागृहातील अंधार आणि रंगमंचाचे अंतर यांमुळे हा संवाद क्षीण होतो. मैफलीच्या आरंभी तालाची ओळख करून देऊन श्रोत्यांना हात धरावयास बोलाविल्यास तो पुन्हा जुळू शकतो.