क्रिमियन युद्धाची व्यंगचित्रे : संग्रह

रशियाविरुद्ध तुर्कस्तान, ब्रिटन व फ्रान्स यांनी केलेल्या क्रिमियन युद्धावर (१८५३–५६) लंडनच्या ‘पंच’ (स्थापना १८४१) या साप्ताहिकाने काढलेल्या चित्रांना संग्राहकांत मान आहे. ‘जानेवारी आणि फेब्रुवारी हे माझे दोन भरवशाचे सेनापती’, अशा आशयाचे, रशियाच्या कडक हिवाळ्याला उद्देशून काढलेले उद्गार रशियाचा झार पहिला निकोलस याच्या नावावर होते. मार्च १८५५ च्या आरंभी (रशियाच्या जुन्या पंचांगानुसार फेब्रुवारीतच) तोच वारला. लगेच ‘पंच’चा व्यंगचित्रकार जॉन लीच याने चित्र काढले : सेनापतीच्या गणवेशातला सांगाडा शय्येवरील झारच्या छातीवर हात ठेवतो आहे, फेब्रुवारीच फितूर झाला. शत्रूच्या मृत्यूवरचे इतके भेदक चित्र त्या काळात क्वचितच सापडेल.

ही चित्रे लाकडी ठशांवर कोरून काळ्या शाईत छापली जात. त्यामुळे रंगीत प्रत दिसली, की रंग मागाहून भरला आहे असे समजावे. बाजारात बहुधा सहामाही बांधीव खंडांतून कापलेली सुटी पाने मिळतात. पण चित्राचा रोख शेजारच्या मजकुरावाचून कळत नाही. म्हणून खंड फाडणे हा संग्रहाचा नव्हे, नासाडीचा प्रकार होय. नव्या संग्राहकाने अखंड खंडच घ्यावा.