बंदुकांच्या खुर्चीचे कूळ

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निकामी केलेल्या शस्त्रांची एक खुर्ची आहे. पाठ पोर्तुगालच्या जी-3 रायफलींची, हात सोव्हिएत एके-47चे. बैठकीला पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या बंदुका, पुढच्या एका पायाला उत्तर कोरियाची नळी. मोझांबिकचा शिल्पकार केस्टर याने ती 2001मध्ये जोडली. तिच्यातली एकही बंदूक आफ्रिकेत घडलेली नाही.

मोझांबिकचा कारभार पोर्तुगीज 1752पर्यंत गोव्याहून चालवत. 1975मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवीत सापडला. फ्रेलिमोच्या सरकारमागे सोव्हिएत गट होता; रेनामोच्या बंडखोरांमागे आधी ऱ्होडेशिया, मग दक्षिण आफ्रिकेची गोरी राजवट. सुमारे दहा लाख माणसे गेली. 4 ऑक्टोबर 1992 रोजी रोममध्ये करार झाला, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, देणगीदार देशांच्या पैशातून घरी परतलेल्या सैनिकांना भत्तेही मिळाले. पण लपवलेली, जमिनीत पुरलेली शस्त्रे गावोगावी उरलीच.

ती बाहेर काढण्याची वाट 1995मध्ये तिथल्या ख्रिस्ती परिषदेने, बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने शोधली. बंदूक आणा, अवजार घेऊन जा! कुदळ, शिवणयंत्र, सायकल, घरावर घालायला पत्रे. एका गावाने तर शस्त्रे गोळा करून ट्रॅक्टर मिळवला. पैसा बाहेरचा होता, ब्रिटनच्या ख्रिश्चन एडसारख्या संस्थांचा. तो रोख वाटला असता तर जुनी बंदूक देऊन नवी घेण्याचा धंदा सुरू व्हायला वेळ लागला नसता. शिवणयंत्र घरात आले की त्यावर कुणाचे तरी पोट चालते. परकीय मदतीच्या मोठमोठ्या अहवालांपेक्षा मला ही अदलाबदल अधिक शहाणी वाटते, कारण काय द्यायचे हे ठरवताना घेणाऱ्याचा उद्याचा दिवस कुणीतरी डोळ्यांसमोर आणला होता.

जमा झालेली शस्त्रे निकामी केली जात. त्यांचे काही तुकडे मापुतोच्या ‘नुक्लेओ द आर्त’ या कलाकारांच्या मंडळाकडे जाऊ लागले, आणि तिथेच ही खुर्ची झाली. पाठीच्या दस्त्यांवर स्क्रूची भोके आणि पट्ट्याची खाच अशी आहे की हसरे चेहरे दिसतात. ते केस्टरने कोरलेले नाहीत, कारखान्यातूनच तसे आले. म्युझियमने खुर्ची 2002मध्ये विकत घेतली आणि पुढे ब्रिटनभर फिरवली, शाळांत आणि तुरुंगांतसुद्धा.