पांढुर्ण्याचा ताम्रपट आणि आपली संग्रहालये

वाकाटकांच्या इतिहासाचा ज्याने थोडाफार अभ्यास केला आहे, त्याला पांढुर्णा हे नाव अपरिचित नाही. द्वितीय प्रवरसेनाने आपल्या राज्यकालाच्या २९ व्या वर्षी दिलेले दानपत्र याच गावाच्या नावाने विद्वानांत ओळखले जाते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९६३ साली वाकाटकांचे लेख एका खंडात संपादित केले, त्यात ते आहे. प्रवरसेन हा प्रभावतीगुप्तेचा पुत्र, म्हणजे गुप्तसम्राट द्वितीय चंद्रगुप्ताचा दौहित्र होय. इतक्या मोठ्या कुळाशी ज्याचा संबंध, त्या लेखाविषयी पांढुर्ण्याच्या बाजारात उभे राहून विचारावे, तर उत्तर बहुधा गोटमारीचे मिळते! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी ती दगडफेक देशभर गाजते. ताम्रपट मात्र ग्रंथात राहिला.

हे दुर्दैव एकट्या आपल्या वाट्याला आले आहे असे नाही. इटलीत मोलिझे नावाचा एक लहानसा, डोंगराळ प्रांत आहे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पाहणारे प्रवासी सहसा तिकडे वळत नाहीत. पूर्वी तो शेजारच्या आब्रुत्सोशी जोडलेला होता. १९६३ मध्ये त्याला स्वतंत्र प्रांत म्हणून मान्यता मिळाली. तेथे १८४८ साली ब्राँझचा एक लेख सापडला. आन्योने या गावाच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. ऑस्कन भाषेतील या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी मजकूर असून धान्यदेवतेच्या परिवारातील देवतांची आणि त्यांच्या वेदींची नोंद आहे. टांगण्यासाठी त्याला साखळीही आहे. आपल्या ताम्रपटांची पाने कडीत ओवलेली असतात, त्याची येथे आठवण होते. हा लेख १८७३ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गावाकडे नाव राहिले, वस्तू गेली.

आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० साली तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे मिळाले. त्यांतील काही लंडनला गेले, काही नागपूरला आले. निदान काही तरी नागपूरला आले, हे त्या काळच्या मानाने पुष्कळच म्हटले पाहिजे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे. लोक त्याला ‘अजबबंगला’ म्हणत आले. या नावात थोडी थट्टा असली तरी जिव्हाळाही आहे. सातपुड्यापलीकडील वस्तूंना नागपूर हेच घर वाटावे, अशी त्या वेळची रचना होती. राजकारभार तेथून चाले, आणि नागपूर वसविणारा बख्त बुलंदही मुळात आपल्याच जिल्ह्यातील देवगडचा गोंड राजा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर व पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. दोन वर्षे आधी, १९५४ मध्ये, छिंदवाड्यास आदिवासी संग्रहालय सुरू झाले होते. पुढे त्याला बादल भोई यांचे नाव मिळाले, आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या नव्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. गोंड, कोरकू, भारिया यांचे जीवन समजून घ्यावयाचे, तर छिंदवाड्याला जाण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु सौंसरच्या मराठी कुणब्याचा, कोष्ट्याचा, मालगुजाराचा इतिहास कोणी मांडावयाचा? नागपूरच्या दृष्टीने तो परराज्यातला, छिंदवाड्याच्या दृष्टीने नागपूरकडचा. आमच्या नॅरोगेज गाडीचीदेखील तीच गत झाली. छिंदवाडा-नागपूर मार्गावर ती २०१५ पर्यंत धावली. आता तशा गाड्या पाहावयाच्या, तर नागपूरच्या मोतीबागेतील २००२ साली उघडलेल्या संग्रहालयात जावे लागते.

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की कचेऱ्या येतात, इमारती येतात. त्यांत संग्रहालयाची एक खोली असावी, ही मागणी अवास्तव नव्हे. मूळ ताम्रपट परत आणण्याचा हट्ट मी धरीत नाही. तो जेथे नीट राहील तेथेच राहावा. पण त्याचा ठसा, वाचन आणि मराठी भाषांतर भिंतीवर लावता येईल. वाकाटक लेखांतील अक्षरांच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी असते. ती एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी वाकाटकांना केवळ परीक्षेपुरते लक्षात ठेवणार नाही, असा माझा शिक्षक म्हणून विश्वास आहे.

याहून निकडीची गोष्ट कागदांची आहे. तांबे दीड हजार वर्षे मातीत टिकते, कागदाला एक पावसाळा पुरतो. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, त्यापूर्वीचा आणि नंतरचाही बराच व्यवहार मोडीत लिहिला जाई. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेले जमाखर्च, वाटणीपत्रे, विहिरींचे तंटे, लग्नाच्या याद्या अजून असतात; वारसांना मोडी येत नाही, म्हणून ते रद्दीत जातात. देवगडच्या राजांचा इतिहास बखरकारांनी आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवला, पण दुष्काळात कोणत्या शेतकऱ्याने कोणते बैल किती रुपयांस विकले, हे फक्त त्या रुमालांतच सापडेल. प्रत्येक शाळेने आपल्या गावातील अशा घरांची यादी करावी, मालकाच्या संमतीने पानांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मोडी वाचणाऱ्या वृद्धांना वर्गात बोलवावे. असे वृद्ध आता फार थोडे उरले आहेत, म्हणून या कामास इमारतीची वाट पाहणे परवडणारे नाही.