वाढत्या यकृताचा श्वास

‘घर पाहावें बांधून’ असें मराठींत म्हणतात. परंतु राहतें घर दोन-तृतीयांश पडलें असतां, उरलेल्या खणांत साऱ्या कुटुंबाचा संसार चालवून तें पुन्हां उभारणें त्याहूनहि कठीण होय. शस्त्रक्रियेनंतर यकृतावर असाच प्रसंग येतो.

ब्रेस्लौ येथील एमिल पोनफिक यांनीं १८९० च्या सुमारास सशांच्या यकृताचा मोठा भाग कापून काढला. तरीहि कित्येक ससे जगले व राहिलेलें यकृत वाढलें. पुढें १९३१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हिगिन्स व अँडरसन यांनीं पांढऱ्या उंदरांवर या प्रयोगास शिस्त आणली. उंदराच्या यकृताचे खंड सुटे असल्यानें कांहीं खंड मुळाशीं बांधून सबंध काढतां येतात. उरलेल्यांस इजा होत नाहीं. दोन-तृतीयांश यकृत गेल्यावरहि आठ-दहा दिवसांत वजन बहुतेक भरून येतें. मात्र कापलेला खंड पुन्हां फुटत नाहीं; राहिलेले खंडच वाढतात.

या वाढीस शक्ति कोठून मिळते? ओटो वारबुर्ग यांनीं १९०८ सालीं दाखविलें कीं, सी-अर्चिन या सागरी प्राण्याचें अंडें फलित होतांच त्याचा प्राणवायूचा व्यय अनेक पटींनीं वाढतो. नव्या निर्मितीस अधिक श्वास लागतो, हें त्यावरून दिसलें.

येथें यकृताची अडचण श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी. स्वस्थ शरीराच्या प्राणवायूपैकीं सुमारें पंचमांश एकटें यकृत खर्च करतें. त्याला रक्त दोन वाटांनीं मिळतें. आंतड्यांकडून येणारी नीला सुमारें तीन-चतुर्थांश रक्त आणते, पण त्यांतील प्राणवायु वाटेंतच कांहींसा खर्चलेला असतो. रोहिणी आणते एक-चतुर्थांशच, पण ताजें. त्यामुळें दोहोंकडून प्राणवायु जवळजवळ निम्मा-निम्मा येतो.

दोन-तृतीयांश यकृत काढलें कीं नीलेचा सारा लोंढा उरलेल्या तृतीयांशांत शिरतो. नीलेचा प्रवाह वाढला कीं रोहिणी आकुंचन पावते. या क्रियेचें वर्णन लौट्ट यांनीं १९८१ मध्यें केलें. म्हणजे रक्ताचा पूर, पण ताज्या रक्ताची तूट! शिवाय नव्या पेशी आरंभीं पुंजक्यांनीं वाढतात. त्यांच्यामध्यें केशवाहिन्या मागाहून शिरतात. तोंवर साखर राखणें, पित्त स्रवणें, विषें निकामी करणें, हीं नित्याचीं कामें चुकत नाहींत. हा सारा भार यकृत मुख्यतः स्निग्धाम्लें जाळून सोसतें, आणि तें ज्वलन प्राणवायूवांचून होत नाहीं.

हा प्रश्न केवळ उंदरांपुरता राहिला नाहीं. १९८९ मध्यें ब्रिस्बेन येथें स्ट्राँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका मातेच्या यकृताचा अंश तिच्या मुलास बसविला. पुढच्याच वर्षीं क्योतो येथें असें रोपण सुरू झालें. निरोगी मनुष्य आपल्या देहाचा अंश देतो, तेव्हां किती काढतां येईल याहून किती मागें ठेवावें हें महत्त्वाचें ठरतें. म्हणून दात्याकडे सामान्यतः ३० टक्क्यांहून कमी यकृत उरूं देत नाहींत. रोपलेला अंश फार लहान असेल, तर कित्येकदां प्लीहेची रोहिणी बांधून नीलेचा लोंढा ओसरवितात. तेव्हां यकृताची रोहिणी पुन्हां मोकळी होते आणि वाढत्या पेशींना ताजें रक्त मिळूं लागतें.