मिरचीतल्या फुलकिड्याचा माग

तुम्ही जाफराबादच्या शिवारात, मिरचीच्या सरीत उकिडवे बसला आहात. शेंड्याची कोवळी पानं वरच्या अंगाने होडीसारखी वळून आखडली आहेत. ‘बोकड्या पडला,’ बांधावरून कुणीतरी म्हणतं. पान उलटं करा. शिरेच्या कडेला फिकट पिवळ्या बारीक रेघा सरकतायत. दोन मिलिमीटरही नाहीत. पान खरवडून रस शोषणाऱ्या या किड्याची अंडी पानाच्या आतच असतात, म्हणून वरची फवारणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आता साल १९१९. पायाखालचं हेच शिवार निजामाच्या मुलखात आहे. जालन्याला रेल्वे गाठा आणि गाड्या बदलत कोइमतूरपर्यंत जा. तिथे एरंडी आणि मिरचीवर हाच किडा सापडला आहे. काचपट्टीवर बसवलेले नमुने समुद्रापार जे. डग्लस हूड या अमेरिकन अभ्यासकाकडे पोचलेत. त्याच्या सूक्ष्मदर्शकात डोकवा: अंग फिकट पिवळं, पंखांना केसांची झालर, पोटाच्या पाठीवर मधोमध गडद डाग. पाठीवरच्या खुणेला शोभेल असंच नाव तो देतो, डॉर्सालिस. आजही जगभर ‘स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस हूड, १९१९’ असंच लिहिलं जातं. कोइमतूरच्या झाडांवरचा किडा ही त्या नावाची जन्मनोंद आहे.

पुढे सरका. २००५, फ्लोरिडा. गुलाबाच्या पानांवर तुमचा ओळखीचाच किडा. पानाच्या पोटात अंडी असतील, तर रोपांसोबत तो कुठेही जाऊ शकतो, तपासणीला दिसतही नाही. २०१५ पर्यंत डीएनएच्या अभ्यासाने आणखी एक गाठ पुढे आणली: या एका नावाखाली दिसायला सारख्या किमान नऊ जाती दडल्या आहेत.

त्याच वर्षी बंगळुरूच्या पपईवर थांबा. इथे दुसराच पाहुणा आलाय. थायलंडच्या नमुन्यांवरून कार्नी या अभ्यासकाने १९२२ मध्ये नाव दिलेला थ्रिप्स पार्व्हिस्पायनस. मादीचं अंग काळपट. भारतातली ही त्याची पहिली नोंद. लगेच २०२१ मध्ये या: गुंटूर, खम्ममच्या मिरचीत फुलाफुलात तोच. फुलं गळतायत, फवारणीवर फवारणी चाललीय, काही शेतकरी उभं पीक उपटतायत. हे बघताना पोटात खड्डा पडतो.

बांधावर मात्र दोघांनाही ‘थ्रिप्स’च म्हणतात, आणि मला सगळ्यात मोठा धोका इथेच वाटतो. डॉर्सालिस कोवळ्या पानांच्या खाली राहतो, पार्व्हिस्पायनस मुख्यतः फुलात घुसतो. तपासणीची जागाच चुकली, तर पैसा आणि हंगाम दोन्ही जातात.

म्हणून जाफराबादच्या कृषी सेवा केंद्रात औषध मागण्याआधी एक फूल पांढऱ्या कागदावर झटका. दुकानदार विचारेल, ‘भाऊ, पानावर हाय का फुलात?’ उत्तर तुमच्याकडे असायला हवं.