दिव्याचा दोष कोणाचा?



डिसेंबर 2001 मधले विज्ञान प्रदर्शन बऱ्याच जणांना आठवत असेल. दहावीच्या आपल्या वर्गाने ‘रिमोटवर चालणारा दिवा’ मांडला होता. परीक्षक टेबलापाशी आले आणि दिवा मनाला येईल तसा लागायला-विझायला लागला. सगळे हसले. त्या दिव्याबद्दल लिहायचे ठरवले तेव्हा लक्षात आले, की गोष्ट बरीच मागून सांगावी लागेल.

सन 1800 मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. हेच ते अवरक्त किरण. टीव्हीच्या रिमोटमधून घरात शिरायला त्यांना पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली.

टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट 1955 चा. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी तो केला. तो म्हणजे एक प्रकारची विजेरीच होती. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे होते. ज्याच्यावर झोत पडेल ते काम होई. अडचण एकच होती. खिडकीतून ऊन आले की टीव्ही आपणहून चॅनेल बदले.

आपण पहिल्यांदा केले तेही नेमके हेच. एक इन्फ्रारेड एलईडी, एक फोटोट्रान्झिस्टर, एक रिले. सरांची अट होती, की घरच्या विजेला हात लावायचा नाही. म्हणून सहा व्होल्टचा दिवा. सकाळच्या शाळेत तो छान चालला. दुपारी प्रयोगशाळेच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले आणि दिवा लागला तो विझेचना. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, हे पुस्तकात वाचलेले तेव्हा समजले.

झेनिथने पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, प्रकाश सोडून आवाज धरला. रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्या रिमोटमध्ये बटण दाबले की छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर बसे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघे. त्याला सेलही लागत नसे. पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी टीव्हीची फसगत होऊ शके. म्हणजे अडचण उजेडाची किंवा आवाजाची नव्हती. आपला इशारा कोणता आणि परका कोणता, हे समोरच्या यंत्राला ओळखता येत नव्हते.

ही ओळख पटवण्याची सोय इलेक्ट्रॉनिक्सने केली. गॅलियम आर्सेनाइडचा इन्फ्रारेड एलईडी 1961 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सापडला. हा दिवा सेकंदाला हजारो वेळा लावता-विझवता येतो. ऊन संथ असते, ते असे लुकलुकत नाही. म्हणून रिमोट आपला प्रकाश सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकवतो आणि रिसीव्हर तेवढीच लुकलुक उचलून बाकीचा उजेड गाळून टाकतो. हा 38 चा आकडा आला रेडिओतून. रेडिओसाठी 455 किलोहर्ट्झचे रेझोनेटर स्वस्तात मिळत. त्याला बाराने भागले की जवळजवळ 38 येतात.

सरांनी पुण्याच्या बुधवार पेठेतून टीएसओपी 1738 हा तीन पायांचा काळा रिसीव्हर आणला आणि लुकलुकीसाठी 555 ची आयसी. गणित माझ्याकडे होते: 1.44 भागिले (आर-एक अधिक दोन आर-दोन) गुणिले सी. डाग द्यायचे काम माझ्या बाकावरच्या मित्राकडे; त्याच्यासारखा हात वर्गात कोणाचाच नव्हता. जोडणी झाली, पण दिवा हलेना. एलईडी चालू आहे की बंद, हे डोळ्यांना दिसायचे नाही. शेवटी गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांच्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून पाहिले. एलईडी अंधारात होता. मी त्याचे पाय उलटे सांगितले होते. ते सुलट केल्यावर कॅमेऱ्यात जांभळट ठिपका उजळला.

तरी दिवा दोन फरशांपलीकडून चालेना. बाजारातला 0.001 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर छापल्याप्रमाणे नेमका नसतो, त्यामुळे कागदावरचे 38 प्रत्यक्षात सरकलेले होते. प्रीसेट केसभर फिरवायचा, एक फरशी मागे सरकायचे, पुन्हा बटण दाबायचे. संध्याकाळपर्यंत अकरा फरशा गाठल्या. एकदा दाबल्यावर दिवा दोन-तीनदा उड्या मारायचा. मध्ये दुसरी 555 घालून एका इशाऱ्यानंतर सेकंदभर बाकीचे इशारे अडवले. रिलेच्या झटक्याने सर्किट बिचकत होते, तिथे उलटा डायोड लावला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ते शंभरदा चालवून पाहिले, एकदाही चुकले नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ते हसू झाले. परीक्षकांनी कारण विचारले. मी सर्वांसमोर म्हणालो, “याचे डाग कच्चे राहिलेत, सर.” मित्र काही बोलला नाही. त्यानंतर तो प्रयोगशाळेत आला नाही.

सोमवारी सरांनी मला एकट्याला बोलावले. शेजारच्या टेबलावर पर्यावरणाची फिल्म दाखवायला टीव्ही ठेवला होता, त्याचा रिमोट त्यांच्या हातात होता. त्यांनी बटण दाबले, आपला दिवा लागला. पुन्हा दाबले, विझला. शेजारी आवाज कमीजास्त करत होते, तेव्हा आपला दिवा त्यांचे ऐकत होता.

खऱ्या रिमोटमध्ये नुसती लुकलुक नसते, तिच्यावर संकेत असतो. फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीत एका संदेशात 14 बिट असतात. त्यातले पाच हा इशारा कोणत्या उपकरणासाठी आहे ते सांगतात आणि सहा काय करायचे ते. आपल्या सर्किटमध्ये लुकलुक होती, पत्ता नव्हता. आराखडा माझा होता, म्हणजे चूकही माझी. सरांनी ती दाखवली आणि मित्राला सांग म्हणाले. परीक्षा जवळ आली होती, मग निकाल लागला, मग तो आयटीआयला गेला आणि मी शहरात. सांगायचे राहिले.

ते सर्किट माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात नवी बॅटरी लावली, पहिल्या दाबाला दिवा लागला. मेळाव्याला ते घेऊन येतो आहे. मित्रा, तू येणार असशील तर भिंग घेऊन ये आणि तुझे डाग तपासून बघ. एकही सुटलेला नाही. हे मी त्या दिवशी परीक्षकांसमोर म्हणायला हवे होते.

— दहावी ‘अ’, 2002